सारख्यातील भेद : हंस व धोबी यांच्या निरीक्षणाचा पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवी : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान)

दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाचे पाणी ओसरू लागते, बोड्या-तलावांचे काठ उघडे पडतात, आणि वरोरा परिसरातील शाळांच्या अंगणात, हातपंपाच्या ओलीवर, नांगरलेल्या शेतात शेपटी सतत वरखाली हलविणारा एक सडपातळ पक्षी दिसू लागतो. मुले त्यास धोबी म्हणतात. काही भागांत परीट हे नाव रूढ आहे. संस्कृत काव्यातील खंजन तो हाच. याच दिवसांत रात्रीच्या वेळी आकाशातून जाणाऱ्या हंसांचा आवाज कानी पडतो. हे दोन्ही पक्षी मुलांच्या परिचयाचे आहेत. पण परिचय आणि ओळख यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणे हे शिक्षकाचे काम आहे.

पुढील प्रसंग कोणत्याही शाळेत घडण्यासारखा आहे. चौथ्या तासाला एक मुलगा निरीक्षणवही घेऊन येतो. त्याने लिहिले आहे : “धोबी दिसला. पाठ राखी. गळा पांढरा. छातीवर काळी कोर.” शिक्षक पुस्तकातील चित्र पाहतात. चित्रात गळा काळाभोर आहे. ते म्हणतात, “नीट पाहिले नाहीस. गळा काळा असतो.” मुलगा निमूटपणे ‘पांढरा’ खोडून ‘काळा’ लिहितो. येथे चूक मुलाची नव्हती. चित्र उन्हाळी पिसाऱ्याचे होते व मुलाने पाहिलेला पक्षी हिवाळी पिसाऱ्यातील होता. खरी नोंद खोटी झाली, हे नुकसान लहान आहे. डोळ्यांनी पाहिलेले खोडून दुसऱ्याचे म्हणणे लिहावयाचे असते, हे त्या मुलाने शिकणे, हे नुकसान मोठे आहे. हा पाठ ते टाळण्यासाठी आहे.

१. पाठाचा हेतू

या पाठातून मुलांना पक्ष्यांची नावे पाठ करावयास लावावयाची नाहीत. दोन सारख्या वस्तूंत नेमका भेद कोठे आहे हे शोधणे, जे दिसले तेवढेच लिहिणे, आणि जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य अंगी बाणवणे, हे तीन हेतू आहेत. हंस दूध व पाणी वेगळे करतो अशी आपल्याकडे कल्पना आहे. त्यावरूनच नीरक्षीरविवेक हा शब्द आला. प्रत्यक्ष हंस गवत व कोवळे पीक खातो. नीरक्षीरविवेक करावयाचा तो पाहणाऱ्याने.

२. प्रजाती व उपप्रजाती

पाठास आरंभ करण्यापूर्वी हे दोन शब्द शिक्षकांच्या मनात स्पष्ट असावेत. सर्वसाधारणपणे, ज्यांची आपसांत वीण होऊन वंश चालतो अशा प्राण्यांच्या समूहास प्रजाती म्हणतात. एकच प्रजाती फार विस्तृत प्रदेशात पसरली असेल, तर निरनिराळ्या प्रदेशांतील पक्ष्यांच्या रंगात व आकारात थोडाफार फरक पडतो. अशा प्रादेशिक रूपास उपप्रजाती म्हणतात.

मुलांना हे भाषेच्या उदाहरणाने सहज पटते. मराठी भाषा एक. परंतु वऱ्हाडाकडील बोली वेगळी आणि पूर्वेकडील झाडीबोली वेगळी. दोन टोकांचे बोलणे ऐकले तर भेद चटकन कळतो. मात्र मधल्या गावांत कोठे एक बोली संपली व दुसरी सुरू झाली, हे कोणी रेघ मारून दाखवू शकत नाही. उपप्रजातींचेही तसेच आहे. जेथे दोन रूपांचे प्रदेश भिडतात तेथे मिश्र रूपाचे पक्षी जन्मतात. म्हणून प्रत्येक पक्ष्याला उपप्रजातीचे नाव देता येईलच असे नाही. पूर्ण वाढलेल्या नराची ओळख पुष्कळदा पटते. मादी व पहिल्या हिवाळ्यातील पिल्लू यांची बहुधा पटत नाही. ही अडचण निसर्गातलीच आहे. तिच्यात पाहणाऱ्याचे उणेपण नाही.

३. हंस

विदर्भात हिवाळ्यात येणाऱ्या हंसांपैकी अधिक दिसणारा तो पट्टकादंब. त्याचे शरीर फिकट राखी, डोके पांढरे, आणि डोक्याच्या मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात. वरचा पट्टा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत मागून वळसा घालतो. खालचा आखूड असतो. चोच व पाय नारिंगी-पिवळे; चोचीचे टोक काळे. या हंसास उपप्रजाती नाहीत. तो मध्य आशियातील पठारांवर, मंगोलिया, तिबेट व आपल्या लडाखमधील सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या उड्डाणाची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली. आपल्या तलावावर बसलेला हा पाहुणा कोणत्या वाटेने आला, हे भूगोलाच्या नकाशावर मुलांनी अवश्य रेखाटावे.

दुसरा हंस म्हणजे कलहंस. तो आकाराने मोठा, रंगाने तपकिरी-राखी, आणि त्याच्या डोक्यावर कोणताही पट्टा नसतो. उडताना पंखाचा पुढील भाग ठळक फिकट राखी दिसतो. याच्या दोन उपप्रजाती मानतात. पश्चिम युरोपातील रूपाची चोच नारिंगी असते. पूर्वेकडील रूप अधिक फिकट असून त्याची चोच गुलाबी असते. त्याचे शास्त्रीय नाव रुब्रिरॉस्ट्रिस म्हणजे ‘तांबड्या चोचीचा’ असेच आहे. भारतात येणारे कलहंस या पूर्वेकडील रूपाचे होत. दोन्ही रूपांच्या मधल्या प्रदेशात मिश्र चोचीचे पक्षी आढळतात.

येथे चुका तीन प्रकारे होतात.

पहिली चूक : पट्टकादंबाच्या पिल्लाला डोक्यावर स्पष्ट पट्टे नसतात, डोक्याचा माथा व मानेची मागील बाजू सरसकट गडद असते. ‘पट्टे नाहीत, म्हणून कलहंस’ असा निष्कर्ष मुले काढतात. अशा वेळी चोच व पाय पाहावेत. पिवळसर असल्यास पट्टकादंब, गुलाबी असल्यास कलहंस. शिवाय पिल्लू सहसा मोठ्यांच्या सोबत असते.

दुसरी चूक : कित्येक कलहंसांच्या चोचीच्या मुळाशी पांढरी बारीक कड असते. ती पाहून पांढऱ्या कपाळाचा हंस दिसल्याची नोंद केली जाते. तो हंस आपल्याकडे अतिशय विरळा आहे. त्याचे कपाळ रुंद पांढरे, पोटावर काळे आडवे पट्टे आणि पाय नारिंगी असतात. केवळ एका पांढऱ्या कडेवरून दुर्मीळ पक्ष्याचे नाव लिहू नये.

तिसरी चूक : नकटा, चक्रवाक इत्यादी मोठी बदके व पाळीव हंस यांनाही दुरून हंस म्हटले जाते. नकट्याची पाठ काळी चकचकीत असते. चक्रवाक नारिंगी-तांबूस असतो. पाळीव हंस पुष्कळदा पांढरा व स्थूल असतो.

४. काळे-पांढरे धोबी

धोब्यांचा अभ्यास शाळेस अधिक सोयीचा आहे, कारण ते अंगणात येतात. प्रथम दोन प्रजाती वेगळ्या कराव्यात.

थोरला धोबी हा आपल्याकडे बारमाही राहणारा पक्षी आहे. त्याची पाठ, डोके, गळा व वरची छाती काळी असते. भुवई लांब व पांढरी. परंतु दोन्ही भुवयांमधील कपाळ काळे असते. तो नदीच्या खडकांवर, बंधाऱ्यांवर, विहिरीच्या काठावर आढळतो व गोड गातो.

पांढरा धोबी हा हिवाळी पाहुणा. त्याचे कपाळ पांढरे असते. कपाळ पाहिले की थोरला व पांढरा यांतील वाद मिटतो. उपप्रजातींचा विचार त्यानंतर.

पांढऱ्या धोब्याच्या अनेक उपप्रजाती भारतात हिवाळ्यास येतात. त्यांपैकी पुढील तीन शिक्षकांनी लक्षात ठेवाव्यात :

(अ) दखुनेन्सिस : पाठ राखी, गाल व मानेची बाजू पांढरी, माथा काळा. उन्हाळी पिसाऱ्यात गळा काळा. हिवाळ्यात गळा पांढरा व छातीवर काळी कोर. आरंभी सांगितलेल्या मुलाचा पक्षी या वर्णनाशी जुळतो.

(आ) पर्सोनाटा : या नावाचा अर्थ ‘मुखवटा घातलेला’. पाठ राखीच, परंतु कानाचा भाग व मानेची बाजू काळी; त्यामुळे कपाळ व डोळ्यांभोवतीचा पांढरा भाग मुखवट्यासारखा उठून दिसतो.

(इ) ल्युकॉप्सिस : अर्थ ‘पांढऱ्या मुखाचा’. नराची पाठ काळी, गळा सर्व ऋतूंत पांढरा, छातीवर काळा डाग. हे रूप पूर्व आशियातले असून भारताच्या पूर्व व ईशान्य भागांत अधिक येते.

यावरून एक नियम निघतो. गळ्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून ओळखीचा आरंभ गळ्यापासून करू नये. पाठीचा रंग व मानेची बाजू प्रथम पाहावी. जे चिन्ह लवकर बदलत नाही त्यावर भर द्यावा, हे तत्त्व केवळ पक्ष्यांपुरते नाही.

५. पिवळे धोबी

पिवळा रंग दिसताच मुले ‘पिवळा धोबी’ असे म्हणतात. प्रत्यक्षात पिवळ्या अंगाचे तीन निरनिराळे धोबी आपल्याकडे येतात.

करडा धोबी : पाठ राखी, शेपटी सर्वांत लांब, शेपटीखालचा भाग गडद पिवळा, पाय फिकट मांसवर्णी. वाहत्या ओढ्याकाठी एकटा हिंडतो. धोब्यांतला हा लवकर येणारा पाहुणा.

पिवळा धोबी : पाठ हिरवट, शेपटी त्या मानाने आखूड, पाय काळे. गुराढोरांच्या पायांशी, ओल्या गवतात थव्याने चरतो. जनावरांच्या चालण्याने उडणारे किडे त्यास आयते मिळतात.

पिवळ्या डोक्याचा धोबी : उन्हाळी नराचे संपूर्ण डोके पिवळे. हिवाळ्यात पाठ राखी, पंखावर दोन रुंद पांढरे पट्टे, आणि कानाच्या राखी भागास सर्व बाजूंनी वेढा घालणारी फिकट कड. पाणथळ जागी, शिंगाड्याच्या वेलांवरही चालताना दिसतो.

पिवळ्या धोब्याच्या उपप्रजाती नराच्या डोक्यावरून ओळखतात. थुनबर्गी या रूपाचे डोके गडद राखी असून भुवई नसते. बीमा या रूपाचे डोके फिकट निळसर-राखी, भुवई लांब पांढरी व डोळ्याखाली पांढरी रेघ असते. फेल्डेग या रूपाचे डोके काळेभोर असते. मात्र हे रंग हिवाळ्यात मळकट असतात; नर परतीच्या प्रवासापूर्वी मार्च-एप्रिलमध्ये नवा पिसारा धारण करतात. म्हणजे वार्षिक परीक्षेच्या सुमारास, मुले पुस्तकांत गुंतलेली असताना, हे पक्षी सर्वांत ओळखू येण्याजोगे असतात. होळीनंतर एखादी सकाळ तलावाकाठी अवश्य राखून ठेवावी.

याखेरीज रानधोबी नावाचा एक निराळा पक्षी स्थलांतराच्या काळात जंगलात क्वचित दिसतो. छातीवर दोन काळे पट्टे, पाठ तपकिरी. इतर धोबी शेपटी वरखाली हलवितात; हा ती डावी-उजवीकडे झुलवितो. बांबूच्या रानाजवळील शाळांनी हे ध्यानात ठेवावे.

६. आपल्या मुलखाची नावे

दखुनेन्सिस व बीमा ही नावे ऐकताच मुलांचे कान टवकारावेत. पहिले नाव दख्खनवरून आणि दुसरे भीमा नदीवरून पडले आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या इंग्रज अधिकाऱ्याची १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. गावोगाव हिंडताना त्याने पक्ष्यांचीही नोंद ठेवली व १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात या दोन धोब्यांना त्याने स्वतंत्र प्रजाती म्हणून नावे दिली.

पुढे काय झाले ते अधिक बोधप्रद आहे. अभ्यास वाढला तेव्हा हे दोन्ही पक्षी स्वतंत्र प्रजाती नसून उपप्रजाती आहेत असे ठरले. आज तर काही अभ्यासक दखुनेन्सिस हे रूप युरोपातील पांढऱ्या धोब्याहून वेगळे काढतच नाहीत. उलट, पूर्वी एकच मानला जाणारा पिवळा धोबी आता अनेक अभ्यासक पूर्वेकडील व पश्चिमेकडील अशा दोन प्रजातींत विभागतात. नावे अशी वर-खाली होत राहतात. मग टिकते काय? टिकते ते वर्णन. एखाद्या जुन्या वहीत नुसते ‘पिवळा धोबी दिसला’ असे असेल, तर तो कोणता हे आज कोणीही सांगू शकणार नाही. परंतु ‘डोके निळसर राखी, भुवई लांब पांढरी, पाठ हिरवट, पाय काळे’ असे लिहिलेले असेल, तर नावे कितीही बदलली तरी ती नोंद उपयोगी पडेल. खेड्यातील शाळेची वही हे असेच कायमचे साधन होऊ शकते.

७. पाठाची मांडणी

पूर्वतयारी : शिक्षकांनी आदल्या दिवशी जागा पाहून ठेवावी. वर्धा नदीच्या बाजूची गावे असल्यास नदीचा काठ, पूर्वेकडील गावे असल्यास मालगुजारी तलावाचा पाळू, दोन्ही नसल्यास गुरांचा गोठण किंवा ओलिताचे शेत पुरेसे आहे. वेळ सकाळची, सूर्य मुलांच्या पाठीशी असावा. समोरून येणाऱ्या उन्हात राखी पाठ काळी भासते. एका गटात आठ-दहांहून अधिक मुले नसावीत.

निरीक्षण : पहिली पाच मिनिटे कोणीही नाव उच्चारू नये. नाव कळले की डोळे पाहणे सोडतात. मुलांनी केवळ उत्तरे द्यावीत :

शिक्षक : पाठीचा रंग कोणता?
मुलगी : काळा हाये जी, गुरुजी.
शिक्षक : कपाळ कसे आहे?
मुलगी : ते बी काळंच. भुवई तेवढी पांढरी हाये.
शिक्षक : हा पक्षी उन्हाळ्यातही दिसत होता काय?
मुलगी : हो जी. तो त विहिरीपाशी सदाच राहते.
शिक्षक : मग तो पाहुणा की घरचा?
मुलगी : घरचा!

मुलगी थोरल्या धोब्यापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पोचली. नाव शिक्षकांनी नंतर सांगावे.

भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेण्यास हरकत नाही. पण छायाचित्र हे वर्णनाची जागा घेऊ शकत नाही. त्यात प्रकाशामुळे रंग बदलतो, आवाज व चाल तर येतच नाही. आधी वही, मग छायाचित्र.

सावधगिरी : पक्ष्यांच्या मागे धावू नये, दगड मारू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची शिकार करणे व अंडी नेणे हा गुन्हा आहे, हे मुलांमार्फत घरोघर पोचावे. मेलेल्या पाणपक्ष्यास मुलांनी हात लावू नये. २००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरावर पक्षीज्वराने अनेक पट्टकादंब मेले होते. असा पक्षी आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास व वनरक्षकास कळवावे. एखाद्या हंसाच्या मानेत अक्षरे लिहिलेले रंगीत कडे दिसल्यास कड्याचा व अक्षरांचा रंग, अक्षरे, दिनांक व स्थळ लिहून घ्यावे. अशी कडी दूरदेशीचे अभ्यासक बसवितात व प्रत्येक नोंदीची वाट पाहतात.

८. नोंदीचा नमुना

प्रत्येक नोंदीत पुढील बाबी याच क्रमाने असाव्यात : दिनांक व वेळ, स्थळ, किती अंतरावरून पाहिले, संख्या, पाठ, कपाळ व भुवई, मानेची बाजू, गळा व छाती, पंखावरील पट्टे, चोच व पाय, शेपटीची हालचाल, आवाज, काय करीत होता. शेवटी नाव. नावापुढे ‘खात्रीने’, ‘बहुधा’ अथवा ‘ठरविता आले नाही’ यांपैकी एक शब्द लिहावा. जे अंग दिसले नाही तेथे ‘दिसले नाही’ असे लिहावे. रिकामी जागा ठेवू नये व अंदाजाने भरू नये.

गुण देताना ‘ठरविता आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून वर्णन पूर्ण करणाऱ्या मुलास, वर्णनाशिवाय दुर्मीळ नाव लिहिणाऱ्या मुलापेक्षा अधिक गुण द्यावेत. वर्गात हे आधीच जाहीर करावे.

समारोप

मुलाची नोंद पुस्तकाशी जुळत नसेल तेव्हा तीन शक्यता असतात : मुलाने चुकीचे पाहिले असेल, पुस्तकातील चित्र दुसऱ्या ऋतूचे असेल, किंवा पक्षीच निराळा असेल. पहिली शक्यता गृहीत धरण्यापूर्वी उरलेल्या दोन तपासाव्यात, आणि शक्य तर मुलासोबत जाऊन पुन्हा पाहावे. धोबी दुसऱ्या दिवशीही बहुधा त्याच ओलीवर येतो. खोडलेला ‘पांढरा’ हा शब्द शिक्षकांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून दिला, तर त्या मुलास त्या दिवशी जे मिळेल ते पुस्तकात मिळणार नाही.

स्वाध्याय

१. थोरला धोबी व पांढरा धोबी यांतील भेद केवळ एका चिन्हाने सांगा.
२. गळ्याच्या रंगावरून उपप्रजाती ठरविणे धोक्याचे का?
३. पट्टे नसलेला हंस दिसल्यास आणखी काय पाहाल?
४. दखुनेन्सिस व बीमा ही नावे कशावरून पडली? नकाशात भीमा नदी दाखवा.
५. आपल्या शाळेच्या परिसरात पहिला पाहुणा धोबी कोणत्या दिवशी दिसला, ते दरवर्षी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा व वहीत उतरवून ठेवा.